शंभर पाण्याचं तूप

आप्पा मोजाय लागले की कुणी हाक मारायची न्हाय. सदलग्यात आमी त्यांच्या घरात भाड्यानं ऱ्हायला गेलो, त्या पहिल्याच दिवशी खोलीच्या किल्लीबरूबर मला हे सांगटलं गेलं. सांगणारी शेजारची काकू असं डोळं मोठं करून सांगालती की मला वाटलं, आत कुणीतरी भूतबित उतरवतंय! मी आधीच भित्री. कुकरची शिट्टी झाली तरी दचकणारी, पाल दिसली तर कॉटवर चढणारी. त्यात मांडीवर तीन महिन्यांची पोरगी. ती शिंकली तरी मी तिचं कपाळ चाचपत बसायचो. मी खानापूरकडची, गुंजीजवळची. शाळा आठवीपत्तोर. आमच्यात बायाबी आलो-गेलोच म्हणत्यात, तवा वाचताना हसू नका.

तर मी भीत भीत खिडकीतनं बघितलं. काय बघतो तर एक लांब, वाळका, पांढऱ्या धोतरातला म्हातारा पाटावर बसलाय, म्होरं तांब्याची परात, परातीत तूप, आन् हातातल्या तांब्याच्या बुडानं ते तूप घसाघसा घासालाय! जरा पाणी वतायचं, घासायचं, पाणी काढून टाकायचं, परत नवं पाणी वतायचं. आन् तोंडानं कन्नडमधी आकडा. ओंदु. एरडु. मूरु. असं शंभर डाव! शंभर पाण्यानं धुतलं की पिवळं तूप पांढरंफेक हुतंय, लोण्याहून मऊ, तुपाचा वासबी ऱ्हात न्हाय. अंगावरची आग, टाचंच्या भेगा, उन्हानं करपलेलं कातडं, असल्या सगळ्याला ते लावायचं. जुन्या वैद्यकातलंच हाय ते, आप्पांनी काय शोधून काढलेलं न्हवं. पण नव्वदाव्या पाण्याला कुणी हाक मारली तर सगळं सोडून परत ओंदुपासनं सुरू करणारा माणूस जगात ह्यो एकटाच असंल.

काकू सांगायची, आप्पांच्या लेकाचा बेंगळूरवरनं फोन आला, नातू झाला म्हणून. काकू मोबाईल घेऊन ओरडत अंगणात आली. आप्पा सत्तरावर हुते. त्यांनी नुसता डावा हात वर केला. थांब. तीस पाणी होऊस्तोवर काकू उन्हात उभी. मग हात पुसून म्हणाले, "हं, काय झालं? पोरगा का पोरगी?"

काकू म्हणाली, "पोरगा. पर आतापत्तोर शाळंत घातला असंल त्याला!"

दुसरी खोड जिभेची. दारात कुणीबी येऊ दे, आप्पा आधी म्हणायचे, "जीब काढ." पोस्टमन आला, जीब काढ. मीटर बघणारा आला, जीब काढ. एकदा मताला हात जोडत गावातला एक मोठा माणूस आला, मागं पंधरा पोरं, गळ्यात हार. आप्पा बोटानं डोळ्यावरचा चष्मा वर करून म्हणाले, "जीब काढ." त्या बिचाऱ्यानं मागं बघितलं, म्होरं बघितलं, आन् काढली की ओ! आप्पा लांबनंच म्हणाले, "पांढरी हाय. रातीचं जेवण पचलं न्हाय तुजं. तुला तूप न्हाय. दोन दिस पातळ पेज पी, मग ये." आन् दार लावून घेटलं. तो माणूस म्हणतोय, "आप्पा, मी तूप न्हाय, मत मागाय आलतो." आतनं आवाज, "तेबी जीब बघून!"

मला वाटायचं, तूपवाला माणूस म्हणजे येईल त्याला तूप देणारा. आप्पांचं उलटं. जेवढ्यास्नी दिलं त्याच्या दुप्पट माणसं त्यांनी परत घालवली असतील. ताप हाय? तूप न्हाय. छातीत कफ वाजतोय? तूप न्हाय. भूक नसताना जेवतोस? अजिबात न्हाय. म्हणायचे, "पोटात विस्तव असतोय गं पोरी. चुलीवर चमचाभर तूप सोडलं तर जाळ वर येतोय. सगळी बरणी वतली तर?"

मी म्हटलं, "इझतोय."

"मग! एवढं तुला कळतंय, आन् त्या मीटरवाल्याला कळत न्हाय."

मला लई आनंद झालता त्या दिवशी. आठवीनंतर मला कुणी प्रश्न इचारला न्हवता, आन् बरूबर तर कुणीच म्हटलं न्हवतं.

माजी जीब त्यांनी पहिल्याच आठवड्यात बघितली. मी तवा काय खात न्हवतो. म्हणजे भीतीच वाटायची, हे खाल्लं तर पोरीला बाधंल, ते खाल्लं तर दूध आटंल. वाळकी भाकरी आन् चहा. उठलं की डोळ्यापुढं काजवं. आप्पा म्हणाले, "जीब चांगली हाय. पोट रिकामं हाय. वात भरलाय नुसता." आन् त्यांच्या घरातनं ताटली आली. गरम भात, वर चमचाभर तूप, बाजूला गरम पाण्याचा पेला. मूठभर भाताचा पहिला घास तुपाचा, वर पाणी प्यायचं ते गरमच, गार न्हाय. आमच्या घरात तूप म्हणजे देवाच्या निरांजनाला. पाकिटातलं. मी तो घास तोंडात घातला आन्, काय सांगू, मला रडूच आलं! वास असा की गाईच्या गोठ्यात कुणीतरी फूल ठेवलंय. महिन्याभरात आडावरनं पाणी आणताना माजं धापा टाकणं बंद झालं. तुपानं झालं का कुणीतरी रोज ताटली देतंय म्हणून झालं, ते मला सांगता यायचं न्हाय.

आमचे हे डेअरीच्या दुधाचा टेम्पो चालवायचे. आप्पा त्यास्नी बघितलं की म्हणायचे, "तुज्या टेम्पोत दूध न्हाय रं, दुधाचा फोटो हाय." हे चिडायचे. मी पदर तोंडाला लावून हसायचो.

आप्पा जैन. सूर्य मावळायच्या आत जेवण, कांदा-बटाटा घरात न्हाय, आन् पाणी दुहेरी फडक्यातनं गाळलेलं. तुपाला लागणारं पाणीबी तसलंच. सकाळी उठून ते स्वतः गाळायचे, फडकं परत आडावर नेऊन धुवायचे, त्यातला जीव पाण्यात परत जाऊ दे म्हणून. मग ते पाणी तांब्याच्या मोठ्या कळशीत भरून कोपऱ्यात ठेवायचे. त्या कळशीला सुनंनं, लेकीनं, कुणीच हात लावायचा न्हाय. एकदा काकूच्या पाव्हण्यानं त्यातलं पाणी पिलं तर आप्पांनी दुपारी परत सगळं गाळलं. गाळताना फडकं असं पिळलं की पाव्हण्यानं आपल्या मानंला हात लावून बघितला!

माजी सासू गावास्नं आली आन् म्हणाली, पोरीला मध-तूप चाटवू. मध कुठाय म्हणून आप्पांच्या दारात गेली. आप्पा म्हणाले, "मध आमच्या घरात येत न्हाय. धर्मात न्हाय. आन् तूप-मध सारख्याच मापानं घेटलं तर वैद्यक त्याला विष म्हणतंय. पोरगी वर्साची होऊस्तोवर मधाचं बोटबी लावायचं न्हाय, नर्सबाईबी तेच सांगती. जीब काढा बघू तुमची." सासूनं जीब काढली न्हाय, पण मधाचं नावबी परत काढलं न्हाय.

"आप्पा, तुमी वैद्य हाय काय ओ?" मी इचारलं एकदा.

"छे गं. वैद्याचा हमाल. पोरवयात दहा वर्सं एका वैद्याकडं खल घोटलाय. घोटणाऱ्याला एक कळतंय, औषध कशाला चालत न्हाय ते."

हे वाक्य तवा माज्या डोक्यावरनं गेलं.

पोरगी रांगाय लागली तवा मी म्हटलं, आप्पा, मला तूप कढवाय शिकवा. त्यास्नी असा आनंद झाला, धोतर खोचून आमच्या खोलीतच आले. गाईचं दूध आणवलं, इरजण लावलं, लोणी काढलं. आन् कढवताना म्हणाले, "डोळं मीट. बघायचं न्हाय, ऐकायचं. तूप बोलतंय."

आन् खरंच बोलतंय की! आधी लोणी वितळतंय तवा गडबडगुंडा, बाजारातल्या बायकांगत. मग चर्र चर्र, ताक जळतंय त्याचं. मग बारीक, कुणीतरी लांब पावसात चाललंय असं. आन् मग एकदम गप. गप झालं की झालं. तवा खाली उतरवायचं, एक क्षणबी जास्त न्हाय. आन् शेवटाला विड्याचं एक पान टाकायचं, पान चुरचुर वाजून कडक झालं की तूप निवळशंख. पानाची वेल आप्पांच्या दाराशी. पान आधी तोडून ठेवलेलं चालायचं न्हाय. "तोडलेलं पान वाट बघून सुकतंय. तूप गप झालं की जायाचं, तोडायचं, टाकायचं." अशी त्यांची रीत. मी दोन डाव केलं तसं. तिसऱ्या डावाला मी एकटीच.

सकाळचं नऊ-साडेनऊ. आमचे हे टेम्पो घेऊन गेलेले. माजी शेगडी खालीच असायची, कट्टा न्हवता त्या खोलीत. तूप बोललं, बोललं, गप झालं. मला असा आनंद की मीच केलं! पातेलं उतरवून आडणीवर ठेवलं, तुपानं भरलेली पळी वर आडवी ठेवली. पोरगी लांब, दाराजवळ, वाटी आपटत बसलेली. पान आणाय किती येळ? चार पावलं. मी वेलीला हात लावला आन् आतनं ओरडणं आलं.

मी आत कशी आलो मला आठवत न्हाय. पोरीनं पळी ओढलती. पळीतलं तूप डाव्या पायाच्या पंज्यावर. पातेलं तसंच हुतं, देवानं राखलं, पण पळीभर तूप ते, उकळतं! पोरगी निळी पडंस्तोवर रडालती आन् मी तिला उचलून नुसती गोल गोल फिरालतो. काकू आली, बाजूच्या दोघी आल्या. एक म्हणती हळद लाव. एक टूथपेस्टची नळी घेऊनच आलती. काकू ओरडली, "आगं येडे, हितं बसून काय करतीस! आप्पांचं शंभर पाण्याचं तूप भाजल्याचंच हाय की! जा!"

मी पळालो. अनवाणी, पदर कुठं, पोरगी काखंत.

आप्पा पाटावर. परात म्होरं. "तोंबत्तु," म्हणाले. नव्वद. मी दारात थांबलो. खरं सांगतो, त्या येळंलाबी मी थांबलो! एवढी भीती त्या मोजण्याची. आप्पांनी पाणी वतलं, घासलं. "तोंबत्तोंदु." आन् मान वर केली. पोरीचा पाय बघितला.

परात अशी उडाली की भिंतीवर आपटली. एक्क्याण्णव पाण्याचं तूप, सगळं जमिनीवर.

"आण तिला."

"तूप द्या आप्पा, तूप लावा—"

"तूप न्हाय!" आप्पा ओरडले. "आग आत हाय अजून. वरनं तूप लावलं तर झाकण बसतंय. कोंडून घालणार काय तिला आत? पाणी! आधी पाणी!"

आन् त्यांनी कोपऱ्यातली कळशी उचलली. ती. गाळलेली. कुणी शिवायची न्हाय ती. मला मोरीत खाली बसवलं, पोरीचा पाय माज्या हातानं धराय लावला, आन् तांब्यानं पाणी सोडाय लागले, धार अशी बारीक, पंज्यावर, घाई न्हाय, थांबणं न्हाय. पोरगी किंचाळती, मी रडतो, तूप न्हाय म्हटल्यावर काकू हळद घेऊन दारात उभी. आन् आप्पांच्या तोंडातनं, त्यास्नी ठाऊकबी नसंल, सवयीनं आकडा आला.

"तोंबत्तेरडु."

पाणी.

"तोंबत्तमूरु."

मी आकडं ऐकालतो. दुसरं काय करणार? मला वाटालतं, शंभर झालं की बरं होईल. खुळ्यागत, पण असंच वाटालतं. तोंबत्तेंटु. तोंबत्तोंबत्तु. नूरु. शंभर! मी डोळं उघडलं. पोरगी रडतच हुती. आन् आप्पा थांबले न्हाईत.

"नूरा ओंदु," म्हणाले. एकशे एक. आन् परत पाणी.

त्या माणसानं जन्मात शंभराच्या म्होरं मोजलं न्हवतं. काकूच्या हातातनं हळदीचा डबा खाली आला ते मला दिसलं. एकशे पाच, एकशे दहा. एक कळशी संपली, तर काकूच्या घरातलं नळाचं बिनगाळलेलं पाणी घेटलं, इचारलंसुद्धा न्हाय. एकशे वीसच्या म्होरं कवातरी पोरीचं किंचाळणं हुंदक्यावर आलं. तवर काकूच्या लेकानं रिक्षा आणलती. आप्पांनी स्वच्छ धुतलेलं पाण्याचं फडकं, तेच दुहेरी गाळायचं फडकं, ओलं करून पायावर हलकं टाकलं, बांधलं न्हाय. "दवाखान्यात. वाटंत कुणी काय लाव म्हणालं तर कान बंद कर. जा."

चिकोडीच्या दवाखान्यात डॉक्टरबाईंनी फडकं उचललं आन् इचारलं, "पाणी कुणी घातलं?" मी म्हटलं, आमच्या घरमालकांनी. "किती येळ?" मी म्हटलं, "नूरा इप्पत्तु... म्हणजे एकशे वीस." बाईंनी माज्याकडं बघितलं, मिनिटं का काय ते त्यास्नी कळंना. मग म्हणाल्या, "हितं रोज हळद, पेस्ट, तूप चोळूनच पोरं येत्यात. ते सोलून काढताना अर्धं कातडं जातंय. हिचा पाय मला स्वच्छ दिसतोय. चालंल पोरगी. घाबरू नका."

चालंल पोरगी! मी तितंच खाली बसून घेटलं, बाकडं असताना.

संध्याकाळी घरी आलो. आमचे हे तापलेले. "ह्या म्हाताऱ्याच्या तुपाच्या नादानं पोरगी भाजली, उद्या खोली सोडायची." खरंबी हुतं आन् खरं न्हवतंबी. बाहेर आलो तर आप्पांच्या दारात वेल न्हवती. मुळासकट उपटून, तुकडं तुकडं करून गल्लीतल्या गाईच्या म्होरं टाकलेली. काकू म्हणाली, "दुपारपासनं जेवले न्हाईत. कोयता घेऊन बसलते नुसते." आमच्या ह्यांनी ती वेल बघितली आन् खोली सोडायचं नाव काढलं न्हाय.

तीन आठवडं आप्पांनी परात काढली न्हाय. तांब्या उपडा. माणसं यायची, जीब काढून उभी ऱ्हायची, आप्पा नुसतं हात हलवायचे, जा. माज्याकडं बघायचे न्हाईत. पोरीकडं तर त्याहून न्हाईत. मला हे पाय भाजल्याहून अवघड वाटाय लागलं.

डॉक्टरबाईंनी पट्टी सोडली, नवं कातडं आलतं, गुलाबी, ओढल्यागत. "आता कोरडं पडू देऊ नका. काहीतरी मऊ लावा." मी म्हटलं, "शंभर पाण्याचं तूप लावलं तर?" बाई हसल्या. "आता जखम भरल्या. आता लावा की."

मी रिक्षातनं उतरून सरळ आप्पांच्या दारात. पोरगी काखंत. आप्पा जपमाळ घेऊन बसलते, मान खाली. मला कुठनं धाडस आलं कळत न्हाय, मी, कुकरला भिणारी, मोठ्यानं म्हणालो:

"आप्पा, जीब काढा."

म्हातारा दचकला. "काय?"

"जीब काढा म्हटलं की. तीन आठवडं धड जेवला न्हाईसा. बघू दे."

त्यांनी माज्या तोंडाकडं बघितलं, मग पोरीच्या पायाकडं, आन् हळूच, ल्हान पोरागत, जीब काढली. मी म्हटलं, "चांगली हाय. विस्तव जागा हाय. आता उठा, परात काढा, डॉक्टरबाईंनी तूप सांगटलंय."

त्यांचं डोळं भरलं का काय मला दिसलं न्हाय, ते तांब्या शोधाय वळलते. त्या दिवशी पोरगी त्यांच्या पाटाला धरून बसली आन् त्यांनी धुतलं. मी शेजारी, दम धरून. नूरु झालं. मी हात म्होरं केला तूप घ्याय. आप्पांनी मान हलवली, परत पाणी वतलं, घासलं.

"नूरा ओंदु," म्हणाले. "हिचं एक जास्त."

आता आमी खानापूरला ऱ्हातो, ह्यास्नी हिकडं काम लागलं. आप्पास्नी लेकानं बेंगळूरला नेलंय, तितल्या गॅलरीत परात घेऊन बसत्यात म्हणे, आन् वरच्या मजल्यावरची माणसं खाली जीब दाखवाय येत्यात. पान मी आता आधी तोडून ठेवतो, सुकलं तर सुकू दे. पोरगी अंगणवाडीत जाती. पायावर खूण हाय चिंचोक्याएवढी, पण पळती अशी की मला धरता येत न्हाय. थंडीत ती खूण ताणती, म्हणून मीच तूप धुतो, परात मांडीपुढं घेऊन. मोजायला ती बसती, कन्नडमधी, एकबी आकडा न चुकता. मधी आमचे हे हाक मारत्यात, शेजारीण हाक मारती, ती डावा हात वर करती. थांब. नूरु झालं की मी थकून तांब्या खाली ठेवतो, आन् ती माजा हात परत परातीत घालती.

"आई, आजून माजं ऱ्हायलंय."